परीक्षक क्रमांक दोन

गुरुवार, २७ मार्च

कोरीन,

सगळं बदललं ते अकरा मार्चला, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. त्या मिनिटाला मी तुझ्या पुस्तकावरचा दुसऱ्या परीक्षकाचा अहवाल तुला मेलने पाठवला आणि त्यावरचं परीक्षकाचं नाव पुसायचं माझ्याकडून राहून गेलं. राहून गेलं, एवढंच मला तुला सांगायचंय. पण तू फोन उचलत नाहीस आणि माझे मेल तुझ्यापर्यंत पोचत नाहीत. टपाल अडवायची सोय अजून कोणी काढलेली नाही, म्हणून हा कागद.

तुला आमचं काम ठाऊक आहे, पण माझी बाजू मांडायची तर सगळं पहिल्यापासून मांडतो. पुस्तक आलं की विद्यापीठाची आमची प्रेस ते बाहेरच्या दोन जाणकारांना वाचायला देते. ते कोण, हे लेखकाला कधीही कळू द्यायचं नाही. अहवाल आला की सहायकाने, म्हणजे मी, फाइल उघडायची, पहिल्या पानावरचं नाव पुसायचं, समासातल्या टिपांवरचं पुसायचं, फाइलच्या पोटात लपून बसलेलं असतं तेही पुसायचं आणि मगच लेखकाला धाडायची. दोन वर्षांत मी दीडशे फाइली पुसल्या. एकही चुकली नाही. तुझी चुकली.

त्या सकाळी इथे काय चाललं होतं ते ऐक. नऊ वाजता उपकुलगुरूंच्या कचेरीतून एक बाई आल्या. आम्हा सहा जणांना खुर्च्यांवर बसवलं आणि म्हणाल्या, तीस जूनपासून प्रेस बंद होत नाहीये, तिचं रूपांतर होतंय.

ऑरिनने, आमच्या प्रमुखाने, विचारलं, "कशात?"

"ते अजून ठरतंय."

"सुरवंटाला निदान माहीत असतं," ऑरिन म्हणाला. बाईंनी ते लिहून घेतलं. शपथेवर सांगतो, वहीत लिहून घेतलं.

मग फोन सुरू झाले. एका लेखिकेने ऑरिनला फोनवर रडत विचारलं की तिच्या पुस्तकाचं आता काय, आणि तिचं पुस्तक तर चार वर्षांपूर्वीच छापून झालंय. अशा गोंधळात माणसाच्या हातून एखादी गोष्ट राहते. राहील की नाही, तूच सांग.

आता दुसरी गोष्ट. विनिफ्रेड टॅगर्ट. हे नाव पहिल्या पानावर वाचताना तुझं काय झालं असेल त्याचा मी रोज विचार करतो. दोन उन्हाळे तू त्या बाईच्या पोटमाळ्यावर राहिलीस. तुझ्या पुस्तकातल्या, बटणांच्या कारखान्यातल्या बायकांची पत्रं तिथे बसून उतरवलीस. ती तुला मक्याची कणसं उकडून घालायची, तुझ्या चुका दाखवायची आणि तू मला फोनवर सांगायचीस, "लायल, आज विनीने माझी सात पानं खोडली," आणि हसायचीस. त्याच बाईने काय लिहिलं? 'लेखिकेला आपल्या बायका इतक्या आवडतात की ती त्यांना एकदाही चुकू देत नाही.' आणि चौथं प्रकरण एका मुकादमाच्या डायरीवर उभं आहे, ती डायरीही अर्धीच वाचलेली दिसते, असंही. हे एखाद्या परक्याने लिहिलं असतं तर एकवेळ मी समजलो असतो.

नाव कळलं ते वाईट झालं. पण कळलं ते बरंही झालं, असं तुला एकदाही वाटत नाही का?

मला परका करू नकोस. मी तुझ्यासाठी कॉलेज सोडलं. आठवतं? तू आमच्या वर्गाचे निबंध तपासायचीस. मी कॉफीला विचारलं तर म्हणालीस, ज्याचे निबंध तपासते त्याच्याबरोबर कॉफी पीत नाही, तसा नियम आहे. दुसऱ्या दिवशी नाव काढून घेतल्याचा शिक्क्याचा कागद घेऊन मी तुझ्यासमोर उभा. "आता?" तू कपाळावर हात मारलास. "अरे गाढवा, नुसता वर्ग बदलला असतास तरी चाललं असतं!"

पण आलीस कॉफीला.

एका ओळीचं उत्तर दे. शिवी दिलीस तरी चालेल.

लायल


शुक्रवार, २५ एप्रिल

कोरीन,

काल पुस्तकं मंजूर करणाऱ्या मंडळाची बैठक झाली. तुला ऑरिनने कळवलं असेलच. पण तो नियमात बसेल तेवढंच कळवणार, म्हणून बाकीचं मी.

आधी हे सांगतो की तू विनिफ्रेडला लिहिलेलं पत्र मी वाचलंय. तिने ते स्वतःच्या चार ओळींसोबत ऑरिनकडे पाठवलं होतं. ऑरिनने मला आत बोलावलं आणि दोन्ही कागद टेबलावर ठेवले. तुझी दोन पानं होती. 'मला जेवायला वाढत होतीस तेव्हाच हे ठरवलं होतंस का?' हे वाक्य वाचून माझ्या अंगावर काटा आला. अभिमानाने आला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, ही माझी कोरीन.

तिच्या चार ओळी कोरड्या होत्या. माझं नाव उघड झालं आहे, लेखिकेने मला थेट लिहिलं आहे, आता माझा अहवाल मंडळापुढे ठेवणं योग्य नाही, तो मी मागे घेते. बस.

"याचा अर्थ कळतोय तुला?" ऑरिन म्हणाला.

"सुटलो. वाईट अहवाल गेला."

तो माझ्याकडे बघत राहिला. "लायल, दोन अहवालांशिवाय मंडळ पुस्तक हातात घेत नाही. आता एकच उरलाय. आणि मंडळाची एकच बैठक उरलीय."

"मग दुसऱ्या कोणाकडून घ्या!"

"या विषयातली जाणती माणसं अख्ख्या देशात पाच. दोन वारली. एकाचा अहवाल आपल्याकडे आहे. एक विनिफ्रेड."

पाचव्याला त्याने लिहिलं. त्याचं उत्तर मी पाहिलं. बंद पडणाऱ्या प्रेससाठी चारशे पानं तीन आठवड्यांत कशाला वाचू, असं त्याने सभ्य भाषेत विचारलं होतं. मग ऑरिनने विषयाच्या कडेकडेची अकरा माणसं शोधली. मी स्वतः त्यांना फोन केले. एकजण म्हणाला, मी आता पुस्तकं वाचत नाही, यंत्राकडून सारांश करून घेतो, तसा अहवाल चालेल का? मी त्याला जे बोललो त्याबद्दल ऑरिनला नंतर माफी मागावी लागली.

काल ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत सात प्राध्यापक जमले. नऊ पुस्तकं मंजूर झाली, आता दुसऱ्या प्रेसांकडे धाडायची म्हणून. दहावं तुझं. यादीत नाव होतं आणि त्यावर पेनाने रेघ. ऑरिन उभा राहून म्हणाला, "एका परीक्षकाने अहवाल मागे घेतला आहे. पहिला अहवाल उत्तम आहे. मंडळाने अपवाद करावा अशी माझी विनंती."

बावीस वर्षांत त्याने कधी अपवाद मागितला नव्हता, असं नंतर कळलं.

सगळ्यांनी खाली बघितलं. मग भूगर्भशास्त्रवाले म्हातारे प्राध्यापक सवयीने म्हणाले, "ठीक आहे, पुढच्या बैठकीत घेऊ."

त्यांचं त्यांनाच लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चहाची किटली रिकामी होती तरी एक बाई उठून पेल्यात ओतायला गेल्या.

ते सगळं त्या विनिफ्रेडमुळे. मी हे म्हणणारच. ती फाइल मी तीनदा वाचली होती, प्रत्येक वेळी तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं गार डोक्याने कोणी कोणाला कापतं? आणि वर अहवाल मागे घेऊन पुस्तकच बुडवलं. तू तिला लिहिलंस ते कमीच लिहिलंस.

बाहेर पडताना ऑरिनने विचारलं, "ती चूकच होती ना, लायल?"

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि कोटाची बटणं लावत बसला.

तुझ्या कॉलेजात मे महिन्यात ठरणार होतं ना, तुला नोकरीवर पुढे ठेवायचं की नाही? मंडळाच्या मंजुरीचा कागद नसला तर ते खरंच काढतील? मला कळव. मी गाडी काढून येतो. सहा तासांचा तर रस्ता.

लायल


बुधवार, १४ मे

कोरीन,

तुझं कार्ड आलं. पुढे गोठलेल्या सरोवराचं चित्र आणि मागे दोन ओळी. 'नोकरी गेली. ती चूक होती का, एवढंच सांग.'

नव्हती.

हे लिहून मी खाली जाऊन फिरून आलो. परत बसलोय.

चूक नव्हती. त्या सकाळी मी सगळी नावं पुसली होती. हात सवयीने चालतो. पुसलेली फाइल तयार होती, मेल तयार होता. मग मी मूळ फाइल पुन्हा उघडली, पुन्हा ते वाक्य वाचलं, तुझ्या बायकांबद्दलचं, आणि पुसलेली काढून मूळ जोडली. फोन वाजत नव्हते तेव्हा. खोटं लिहिलं मी. सगळे खाली कॉफी पीत होते आणि कचेरीत मी एकटा होतो. घड्याळ बघून पाठवलं, म्हणून मिनिट लक्षात आहे.

मला वाटलं, तुला कळायला हवं कोण तुझं आणि कोण नाही. कोणी माझ्या पाठीत सुरी घातली तर मला मूठ कोणाची ते बघायला आवडेल. नियम सुरीवाल्याच्या बाजूने का असावा? तू मला हे आधी विचारलं असतंस तर मी आधीच सांगितलं असतं. नाही, सांगितलं नसतं. पण आज सांगतोय ना?

पुस्तक जाईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. नाव कळलं तर तू तिला तोडशील, एवढंच मी धरलं होतं. ती अहवाल मागे घेईल, हे डोक्यातच आलं नाही. दोन वर्षं या कचेरीत बसून मला हे सुचायला हवं होतं.

पण ती तुझ्या विरुद्ध होती, हे तर खरं आहे. तेवढं तरी माझ्याकडून काढून घेऊ नकोस.

ऑरिनला मी अजून सांगितलेलं नाही. तू सांगितलंस तर मी नाही म्हणणार नाही.

लायल


सोमवार, ३० जून

कोरीन,

आज शेवटचा दिवस. खोलीत एक टेबल आणि एक खुर्ची उरलीय. उद्या सकाळी इथे विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाची कचेरी येणार, भिंतींना रंग फासायचे डबेसुद्धा येऊन पडलेत.

महिनाभर आम्ही आवरतोय. पत्रव्यवहार ग्रंथालयाच्या तळघरात गेला. गोदामातली पुस्तकं लगद्याला. छापलेली चारशे बारा पुस्तकं एका कंपनीला दिलीत, तिच्या यंत्राला वाचायला. मी ऑरिनला म्हटलं, "चला, कोणीतरी वाचतंय." तो हसला नाही. म्हणाला, "छपाई आता कोणीही करतं रे. दोन अनोळखी माणसांनी तीन महिने एका पोराच्या पुस्तकाशी भांडावं, तेही नाव न लावता, फुकटात, हे पुन्हा कोण जमवणार?"

परीक्षकांच्या फाइली मात्र ग्रंथालयात जात नाहीत. आम्ही त्यांना वचन दिलेलं असतं. त्या फाडायच्या यंत्रात घालायच्या. हे काम माझ्याकडे होतं. आठ कपाटं झाली. तुझी फाइल मी शेवटपर्यंत बाजूला ठेवली होती.

आता नीट वाच. मला हे एकदाच लिहिता येईल.

परीक्षकाच्या अहवालाचे दोन भाग असतात. पहिला लेखकासाठी. दुसरा फक्त प्रेससाठी, लेखकाला कधीच न दाखवायचा. पुस्तक छापावं की नाही हे परीक्षक दुसऱ्या भागात लिहितो. हे मला माहीत होतं. दीडशे वेळा मी दोन्ही भाग वेगळे केलेत. पण तुझ्या वेळी पहिला भाग वाचून माझं डोकं फिरलं आणि दुसरा मी उघडलाच नाही. त्या दिवशी नाही, एप्रिलमध्ये नाही, तुला मेमध्ये छाती ठोकून लिहिलं तेव्हाही नाही.

आज सकाळी फाडण्याआधी उघडला. एकच पान होतं. वाचून मी जमिनीवर बसलो.

ऑरिन खोके उचलत होता. त्याने पान बघितलं आणि म्हणाला, "तुला मी त्या सकाळी सांगितलं होतं. टॅगर्टचा अहवाल आलाय, चांगली बातमी आहे, पाठवून दे."

"मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय."

"मी चेष्टा करतो हे खरं आहे," तो म्हणाला. खोकं खाली ठेवलं. "तू मुद्दाम केलंस ना ते?"

"हो."

"मला एप्रिलपासून वाटत होतं." तो त्याच खोक्यावर बसला. मग म्हणाला, "मीही दोषी आहे. तुझं कोरीनवर मन आहे हे दिसत असून ती फाइल मी तुझ्या हातात दिली. तिला फोन करून एवढं जरी म्हटलं असतं की बाई, दोन दिवस थांबून मग विनिफ्रेडला पत्र लिहा. पण तेवढं म्हणणंसुद्धा नियमात बसत नव्हतं."

मी म्हटलं, "हे पान मी कोरीनला पाठवतो."

"ते विनिफ्रेडचं आहे. तुझं नाही, माझंही नाही. विचारायचं तर तिला विचार."

मी तिथूनच फोन लावला. तिने लगेच उचलला.

"लायल बोलतोय. प्रेसमधून."

"कोण, नाव न पुसणारा का?"

मी हो म्हटलं. मग सगळं सांगितलं, की ते राहिलं नव्हतं, मी मुद्दाम केलं. की दुसरा भाग आज वाचला.

"आज?" ती म्हणाली. "अरे देवा. मला वाटलं होतं निदान वाचून तरी केलं असशील."

मी विचारलं, इतकं कडक का लिहिलं. ती म्हणाली, "ती माझ्या घरी राहिली आहे हे अख्ख्या मंडळाला माहीत. मी गोडगोड लिहिलं असतं तर म्हणाले असते, म्हातारीने घरच्या पोरीचं काम केलं. आणि चौथं प्रकरण खरंच कच्चं आहे. ती डायरी अजून माझ्या माळ्यावर पडलीय, उरलेली अर्धी."

"मी हे पान तिला पाठवू का?"

"नाही."

"पण ते वाचलं तर ती तुमच्याकडे येईल!"

"कागद बघून येणारी मला कशाला हवी? मी तिला दोन उन्हाळे जेवू घातलंय, दोन उन्हाळे तिची पानं खोडलीत. त्यावरून तिला कळलं नसेल तर एका पानावरून काय कळणार? ते फाड. मी वचनावर लिहिलं होतं, तू एकदा मोडलंस. दुसऱ्यांदा मोडू नकोस." मग तिनेच विचारलं, "ती काय करते आता?"

"नोकरी गेली. बाकी माहीत नाही. ती माझ्याशी बोलत नाही."

"माझ्याशीही नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कोरीन, मी ते पान फाडलं. त्यातलं एकही वाक्य मी तुला सांगणार नाही, ती वाक्यं तिची आहेत. ऑरिन काय म्हणाला आणि ती फोनवर काय म्हणाली एवढं मात्र लिहितोय, म्हणजे मी वचन पुन्हा अर्धं मोडलंच. पूर्ण पाळणं मला जमत नाही. त्याबद्दल तू मला काय म्हणायचं ते म्हण.

आणखी एक राहिलं. मेमध्ये मी लिहिलं की कोण तुझं ते तुला कळावं म्हणून मी केलं. तेही खरं नव्हतं. जानेवारीत तू म्हणालीस, हा उन्हाळाही मी विनीकडेच काढणार, पुस्तक सुधारायला. मी त्या उन्हाळ्यासाठी नदीकाठी खोली बघून ठेवली होती. तुला सांगितलंही नव्हतं. तो अहवाल उघडल्यावर मला राग आला, आणि रागाच्या आत कुठेतरी आनंद झाला. आता ही बाई गेली, असं वाटलं. तुझी बाजू घ्यायची म्हणून मी काही केलं नाही. तुझ्या बाजूला मी एकटा उरावा म्हणून केलं.

आता कोणीच उरलं नाही. पुस्तक कपाटात, तू कुठेतरी उत्तरेत, ती तिच्या माळ्याखाली.

तू तिच्याकडे जा. माझ्यासाठी नको, पानासाठी नको. तिचा विचार बाजूला ठेव, पण चौथं प्रकरण कच्चं आहे आणि उरलेली डायरी तिच्याकडे आहे, एवढ्यासाठी तरी जा. गेलीस तरी पुस्तक कोण छापेल ते मला माहीत नाही. पूर्वी ज्यांना विचारलं असतं अशा तीन प्रेस ऑरिनने आज बोटांवर मोजल्या. दोन यंदा बंद झाल्या. तिसरी नवीन लेखक घेत नाही. मी तुला खोटी आशा देणार नाही, खोटं या वर्षाचं पुरेसं झालं.

मी तुला पुन्हा लिहिणार नाही. हे रागाने नाही. तू कार्डावर एकच प्रश्न विचारला होतास आणि त्याचं खरं उत्तर मला द्यायला सात आठवडे लागले. अशा माणसाची पत्रं कोणाच्या दारात येऊ नयेत.

ऑरिन खाली गाडीत बसलाय. मला घरी सोडतो म्हणाला. का म्हणाला कळत नाही. किल्ली त्याला द्यायचीय, म्हणून त्याला जास्त थांबवता येत नाही.

लायल

पाकिटाच्या मागे लिहितोय, जिन्यात उभा राहून. दिवा घालवला. बाहेर आलो. दार ओढून लावलं.